कापणीच्या सणाला आलेलं पोतं

निपाणीत आमच्या घराला लागूनच ख्रिश्चनांचं देऊळ. मधे कमरेएवढी भिंत. त्यामुळे किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही, तेच भिंतीवरून आत पडतात!

ऐंशी सालच्या आसपास नळावर कानावर आलं, "पाळक म्हणं शेठची वखार बंद..." तेवढ्यात बोलणारीची घागर भरली आणि ती निघून गेली! माझा अख्खा दिवस वाया.

*

शेठची तंबाखूची वखार देवळासमोरच. तंबाखू चाळायचं मशीन सुरू झालं की धूळ थेट आत. पाळकसाहेब आशीर्वादाला हात वर करायचे आणि "आमेन"च्या जागी सगळी मंडळी खोकायची! भिंतीअलीकडून मीही साथ द्यायची.

*

सगळ्यात हाल राहेलआक्काचे, तिचं घर वखारीला लागूनच. विड्या वळायची, देवळात गाणं तीच उचलायची. पण आता दुसऱ्या कडव्यालाच धाप! डॉक्टर म्हणाले, "घर बदला, नाहीतर छाती जाईल."

आक्का फणकारली, "हवा देवानं दिल्या का शेठनं? धूळ त्यानं हलवावी. मी का हलू?"

*

पाळकसाहेब शेठकडं गेले. मीपण गेले, शेठाणीकडं विरजण मागायला!

शेठ हसले, "पाळकसाब, तुमचा देव वर, माझी धूळ खाली. भांडण कसलं?"

"मधी आमी ऱ्हातो की, शेठ!"

शेठनी चहा पाजला. मशीन चालूच.

*

मग आला कापणीचा सण. मंडळी आपापलं पीक देवापुढं ठेवतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव. पहिली वस्तू पाहुण्यानं घ्यायची, ही रीत. यंदाचे पाहुणे शेठ! फेटा बांधून पुढच्या खुर्चीत.

भोपळे, कोंबड्या, जोंधळा मांडून झाला. राहेलआक्कानं एक पोतं ओढत आणलं आणि सगळ्यांच्या पुढं ठेवलं.

"ह्यात काय गं?" पाळकांनी विचारलं.

"माजं पीक. वर्सभर दारात पिकलंय. झाडून झाडून भरलंय."

पाळकांनी शेठसमोरच पोत्याचं तोंड सोडलं. "बोला, शेठ!"

शेठनी तोंड उघडलं आणि शिंकले.

"एक वार!" पाळक ओरडले.

शेठ पुन्हा शिंकले.

"दोन वार!"

शेठनी नाक दाबलं, डोळे मिटले, फेटा सावरला, आणि अशी शिंक दिली की कोंबड्या उडाल्या!

"तीन वार! पोतं शेठचं!"

पुढल्या आठवड्यात मशीन मागच्या माळाकडं गेलं. रविवारी राहेलआक्कानं चारही कडवी न थांबता म्हटली. वखार चालूच होती, देवळाकडचं दार तेवढं बंद!