इन्स्पेक्टरीणबाईंना दाखवलेली देवळं

लोणारची देवळं बघायला येणाऱ्या लोकांचा मला फार राग यायचा. आम्हा गावच्यांना त्यांचं काय कौतुक? आम्ही त्यांच्या ओट्यांवर मिरच्या वाळवलेल्या, आडोशाला लपाछपी खेळलेलो. हे लोक मेहकरहून मोटारीची धूळ खात यायचे, माना वर करकरून छत बघायचे, वाहवा म्हणायचे आणि दुपारच्या मोटारीनं निघून जायचे. खरं सांगायचं तर त्यांना जाता यायचं, याचाच मला राग होता. मला कुठं जाता येत नव्हतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि भावाच्या घरी मला नववं वर्ष लागलं होतं. नवरा अमडापूरचा. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यानं दुसरी केली. मला दिवाळीला माहेरी पोचवलं ते पोचवलंच, न्यायला कुणी आलं नाही. आमचं घर म्हणजे जमीन थोडी आणि देशमुखी तोरा मोठा. आमच्यात फारकत नाही, पाट लावून दुसरं लग्न नाही. नवरा जिवंत म्हणून कपाळाला कुंकू आणि नवरा विचारत नाही म्हणून भावाच्या घरी भाकरी. वहिनी वाईट नव्हती. पण माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकताना तिचा हात जरासा थांबायचा. तिला ते कळतही नसेल. मला कळायचं.

भावाकडे राहून मी मेहकरला सातवीची परीक्षा दिली होती, म्हणून गावच्या मुलींच्या शाळेत मला हंगामी मास्तरीण नेमलं होतं. जूनमध्ये ट्रेनिंग झालेली बाई येणार आणि मी परत चुलीपुढं बसणार, हे ठरलेलं होतं. सुटायची वाट एकच होती, अमरावतीची बायांची ट्रेनिंग शाळा. तिचा अर्ज मी मागवला होता. वर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असा सरकारी छाप आणि खाली एक रकाना : नवऱ्याची लेखी संमती, विधवा असल्यास पालकाची. भाऊ त्यासाठी दोनदा अमडापूरला गेला. पहिल्यांदा नवरा भेटला नाही. दुसऱ्यांदा भेटला, चहा पाजला आणि म्हणाला, "बायको माही हाय. तिले शिकवाचं का नाई ते मी पाहीन." भाऊ घरी आला आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही, जसं काही ते मीच बोलले होते. मी रकाना कोरा ठेवून अर्ज पाठवून दिला. दुसरं काय करणार?

थंडीच्या दिवसांत शाळा तपासायला इन्स्पेक्टरीणबाई आल्या. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, हातात फक्त घड्याळ. विधवा आहेत हे साऱ्या खात्याला माहीत होतं आणि कडक आहेत हेही. पोरींची वाचनं घेतली, माझ्या फळ्यावरच्या अक्षराकडे दोनदा बघितलं आणि निघताना म्हणाल्या, "मला तुमच्या गावची देवळं बघायची आहेत. उद्या, उजाडायच्या आत. गुरव नको, पाटील नको, गर्दी नको. तुम्ही एकट्या या."

मी हो म्हणाले. गरजवंताला अक्कल नसते. यांनी शिफारस केली तर कदाचित संमतीवाचून काम होईल, एवढंच डोक्यात होतं. पण देवळांची माहिती कुठं होती मला? संध्याकाळी म्हाताऱ्या गुरवाला गाठलं. त्यानं दहा गोष्टी सांगितल्या आणि वर म्हणाला, "यातल्या नऊ सायबासाठी हायेत बाई. खरी एकच हाय, पण ते कोणी इचारत नाई." कोणती खरी ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

पहाटे डाकबंगल्यावर गेले तेव्हा बाई शाल गुंडाळून बाहेरच उभ्या होत्या. आधी दैत्यसूदनाच्या देवळात गेलो. आत काळाकुट्ट अंधार आणि वटवाघळांचा वास. बाईंनी बॅटरी लावली आणि मी पोपटासारखी सुरू झाले. लवणासुर नावाचा दैत्य इथं जमिनीखाली विवरात राहायचा, कुणाला सापडायचा नाही. मग विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं. दैत्याच्या दोघी बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि त्यांनी भावाची जागा दाखवून दिली. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं विवराचं झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. तेच ते विवर म्हणजे आमचं सरोवर.

बाईंनी बॅटरी छतावरच्या कोरीव कामावरून फिरवली. "आणि त्या बहिणींचं पुढं काय झालं?"

"ते कोणी सांगत नाही."

"लग्न केलं का त्यानं त्यांच्याशी?"

"देव तो, बाई. काम झालं, गेला." असं मी बोलून गेले आणि जीभ चावली. बाई मात्र हसल्या. गावात आल्यापासून त्या हसलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

तिथून धारेवर आलो. गोमुखातून बारा महिने पाणी पडतं, त्यामुळं एवढ्या थंडीतही चार बाया आंघोळीला आलेल्याच होत्या. त्यांची बडबड आम्हाला बघून बंद पडली. एकीनं मला डोळ्यांनी विचारलं, ही कोण? मी सांगितलं नाही. आमची पाठ वळल्यावर मागं कुजबुज सुरू झालीच. टाकलेल्या बाईला कुजबुज नवी नसते, पण मला बाईंच्यासाठी वाईट वाटलं. बिचाऱ्या, एवढ्या शिकलेल्या, हाताखाली एवढ्या शाळा, आणि कपाळ असं. मी चक्क त्यांची कीव केली. माझं तरी कुंकू शाबूत आहे, असं मनात आलं. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

धारेवरून खाली सरोवराकडे पाऊलवाट उतरते. सीताफळीची, बाभळीची दाटी, मोर ओरडत होते, आणि जसजसं खाली जावं तसा पाण्याचा तो खारट, कुजका वास. वर उजाडलं होतं. पलीकडच्या काठाच्या टोकावर ऊन आलं होतं, पण त्या खोल खळग्यात सूर्य उशिरा पोचतो, त्यामुळं आम्ही सावलीतूनच चाललो होतो. मी भीतीपोटी सारखी बोलत होते. हे रामगयेचं देऊळ, ती सासू-सुनेची विहीर, एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं. "गोडं कोणाचं?" बाईंनी विचारलं. "सासवा म्हणतात सासूचं," मी म्हणाले. शिफारशीचं कसं काढावं ते मला कळत नव्हतं आणि प्रत्येक देवळाबरोबर वेळ संपत चालला होता.

पाण्याच्या काठाशी कमळजादेवीचं देऊळ. गुरवीण अंगण झाडत होती. मला बघून तिनं केरसुणी टाकली, हात धुतले आणि हळदीकुंकवाचा करंडा आणला. "ये व माय, कुकू लावते. देवी पावते. येईन तुया नवरा न्याले." नऊ वर्षं ती मला हेच सांगत होती. मी कपाळ पुढं केलं, आणि मागं वळून बघते तर बाई तिथं नव्हत्या. गुरविणीनं करंडा उघडायच्या आतच त्या अंगणाच्या कडेला जाऊन पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या. कुणी वगळायच्या आधी आपणच बाजूला व्हायचं, याची त्यांना चांगली सवय दिसली. मी मुकाट्यानं त्यांच्याजवळ गेले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा नवरा खामगावला आहे. कापसाच्या जिनात मुकादम आहे."

मला आधी समजलंच नाही. मी म्हणाले, "होते?"

"आहे. परवाच्या मोटारीत त्याला ओळखणारं कोणीतरी होतं. तब्येत चांगली आहे म्हणे." इतका वेळ 'तुम्ही' म्हणणाऱ्या बाई एकदम 'तू'वर आल्या. "तुझा अर्ज वाचलाय मी. तो रकाना कोरा आहे. कोऱ्या रकान्याची शिफारस मला करता येत नाही. माझाही कोराच होता. मग मी विधवा लिहिलं, मामाची सही घेतली आणि नागपूरला गेले. सोळा वर्षं झाली. कुणीही विचारलेलं नाही."

मला उपकार वाटायला हवे होते. मला राग आला. तासभर मी जिची कीव करत होते तिला कीव नकोच होती, आणि वर ती मला माझा नवरा मारायला सांगत होती. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "आणि पाप लागलं तर?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "जे लागतं ते सांगते. एकदा कुंकू पुसलं की मग कुणापाशी बोलता येत नाही. त्याचं बरं झालं तरी नाही आणि वाईट झालं तरी नाही. जन्मभर तोंडाला कुलूप. हे तुला आधीच कळावं म्हणून इथं आणलं. डाकबंगल्यात भिंतींना कान आहेत." आणि त्यांनी पिशवीतून एक नवा, कोरा अर्ज काढून मला दिला.

तेवढ्यात ऊन पाण्यावर आलं. हिरवं पाणी, वर पांढरा फेस. बाई म्हणाल्या, "सुंदर आहे." वर चढताना दोघींना धाप लागली, त्यामुळं न बोलायला निमित्त मिळालं. दुपारच्या मोटारीनं त्या गेल्या.

अर्ज मी तीन दिवस पेटीत ठेवला. चौथ्या दिवशी भावापुढं ठेवला आणि सारं सांगितलं, फक्त बाईंच्या नवऱ्याचं सोडून. "जिता माणूस मारून राह्यली तू," तो म्हणाला. मी खाली मान घातली. चुलीपाशी वहिनी भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, "तुमी सही करा. तो आपल्यासाठी कोन्या जित्यात हाय?" भावानं सही केली. पण अट घातली, "लोनारात येशीन तं कुकू लावूनच येजो. गावाले मालूम हाय तो जिता हाय ते."

तशी मी दोन कपाळांची झाले. अमरावतीहून सुट्टीला निघाले की मेहकरला उतरायची. मोटारअड्ड्यामागं एक विहीर होती, तिथं बसून काळ्या मण्यांची पोत गळ्यात घालायची, बांगड्या चढवायची, बारक्या आरशात बघून कुंकू लावायची आणि लोणारच्या मोटारीत बसायची. परतताना तिथंच सगळं उतरवून डब्यात. एकदा एका म्हातारीनं मला पुसताना पाहिलं आणि ती "अवो माय" म्हणत लांब पळाली. सुरुवातीला भीती वाटायची. पुढं चप्पल काढघाल करावी तसं झालं. ट्रेनिंग झालं, अमरावतीलाच नोकरी लागली, खोली मिळाली, पगार माझा, भाकरी माझी. पण बाईंनी सांगितलेलं कुलूप खरं निघालं. बरोबरच्या मास्तरणी संध्याकाळी नवऱ्याच्या, सासरच्या गोष्टी काढायच्या आणि मी आले की आवाज खाली करायच्या, मला वाईट वाटू नये म्हणून. मी खोलीवर जाऊन वह्या तपासायची. बाईंना दोन-तीन पत्रं लिहिली. त्यांची बदली तिकडं दूर सागरला झाली आणि पुढं उत्तर आलं नाही.

सहाव्या वर्षी भावाचं कार्ड आलं. अमडापूरचे वारले. ताबडतोब निघून ये, गाव वाट पाहून राहिलं.

कार्ड हातात घेऊन मी खाटेवर बसले. ज्याला मी सहा वर्षांपूर्वी कागदावर मारलं होतं तो आता मेला होता, आणि हे सांगायला त्या अख्ख्या शहरात मला एक माणूस नव्हतं. हेडबाईंना भाऊ आजारी आहे असं सांगून रजा घेतली.

मेहकरला उतरले. विहिरीवर बसून पोत घातली, बांगड्या चढवल्या. कुंकू त्या दिवशी फार नीट लावलं, कारण ते चार बायांसमोर पुसायचं होतं. घरी पोचले तर ओसरीत बाया जमलेल्याच. त्यांनी गळे काढले. मला रडू येईना. एकीनं कपाळ पुसलं, एकीनं पोत तोडली. बांगड्या फोडायला वहिनी पुढं आली, तिनं माझा हात पाट्यावर धरला आणि वरवंट्यानं हलकेच ठोकलं. काचेचा तुकडा मनगटात गेला. वहिनी एकदम थांबली आणि हळू म्हणाली, "लागलं का व तुले?"

तेव्हा मी रडले. इतकी रडले की बायांना समाधान वाटलं. नवऱ्यावर जीव होता बापा, असं एक म्हणाली. मी म्हणाले नाही की पंधरा वर्षांत मला लागलं का हे आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

तेरावं झाल्यावर मी परतले. मेहकरला मोटार बदलली, विहिरीकडे फिरकले नाही. सोमवारी शाळेत गेले. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हात मोकळे, गेले होते अगदी तशीच. हेडबाईंनी हजेरीतून डोकं वर काढून विचारलं, "कसा आहे भाऊ?"

"बरा आहे आता," मी म्हणाले आणि वर्गावर गेले.