सासूबाईंनी नावं ठेवलेली गाणी

आठवड्याचे सहा दिवस तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून एकामागून एक काचा बदलायच्या आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं?" वीस वर्षं हाच प्रश्न विचारून माणसाचं जे व्हायचं ते त्याचं झालं होतं. घरी पाहुणे आले की तो त्यांच्या कानांवर हेडफोन चढवायचा, एकच गाणं दोनदा ऐकवायचा आणि विचारायचा, "आता बरं वाटतंय की आधी?" समोरचा चहा गार होताना बघणारे पाहुणे "आता, आता" म्हणून सुटका करून घ्यायचे. बायकोच्या माहेरच्यांनी त्याचं नाव कानसेन पाडलं होतं. त्याला तो बहुमान वाटायचा.

रविवारी दुपारी चार ते सात तो स्केटिंग रिंकवर डीजे असायचा. रिंकला पत्र्याचं छप्पर होतं. जमिनीवर चारेकशे चाकं एकाच वेळी घरघरत असायची. चार स्पीकरांपैकी एक दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि दुसऱ्याचं तोंड बुटांच्या कपाटाकडे होतं. अशा ठिकाणी आवाजाच्या दर्जाची काळजी कुणीतरी वाहायला हवीच होती, म्हणून कानसेनाने ती स्वतःहून शिरावर घेतली.

त्याच्याकडे नऊ हजार चारशे गाणी होती, सगळी एमपीथ्री. म्हणजे गाणं लहान व्हावं म्हणून कानाला फारसे न जाणवणारे आवाज गाळून टाकलेल्या फाइली. हे गाळणं त्याला आजवर कधी ऐकू आलं नव्हतं. पण एका रात्री इंटरनेटवर कुणा गरुडाचा फोटो लावलेल्या अनोळखी गृहस्थाने लिहिलेलं त्याने वाचलं, की खरा डीजे एमपीथ्रीला हात लावत नाही, खरा डीजे वाव वाजवतो. वाव म्हणजे काहीही न गाळलेली, पाचपट ऐसपैस फाइल. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला आपल्या सगळ्या गाण्यांत भोकं ऐकू यायला लागली.

"सगळी वावमध्ये बदलणार आहे," त्याने बायकोला सांगितलं.

बायको छापखान्यात संगणकावर काम करायची. बोटाएवढा फोटो आणून त्याचा भिंतीएवढा फलक मागणारी माणसं तिला रोज भेटत. "जे एकदा गाळलं ते परत कुठून येणार?" ती म्हणाली. "लहान फोटो मोठा केला की चेहरा नाही मोठा होत. चौकोन मोठे होतात."

"आवाजाचं वेगळं असतं," कानसेन म्हणाला. कसं वेगळं असतं ते गरुडाने लिहिलं नव्हतं.

तीन आठवडे लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर पंखा फिरवत गाणी फुगवत बसला. सुरुवातीला प्रोग्रॅमने अदबीने विचारलं होतं, फाइलींची जुनी नावं ठेवायची की क्रमांक द्यायचे? क्रमांक जास्त व्यावसायिक दिसतात असं कानसेनाचं मत पडलं. काम संपल्यावर त्याने जुन्या डिस्कवरच्या सगळ्या एमपीथ्री पुसून टाकल्या. हलकं काही घरात ठेवायचं नाही, असा बाणा. डिस्क त्याने रिंकच्या मॅनेजरला कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी देऊन टाकली. मॅनेजरने ती त्याच दिवशी जोडली आणि गाण्यांच्या जागी बुटांच्या कपाटाचं चित्रीकरण सुरू झालं.

बुधवारी संध्याकाळी त्याने आपला डीजेचा प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर ०००१ पासून ९४०० पर्यंत आकडे होते. दुसरं काही नव्हतं.

गाण्याचं नाव, गायक, वेग, कुठे कापायचं याच्या खुणा, हे सगळं सदऱ्याच्या कॉलरवरच्या पट्टीसारखं जुन्या फाइलींना चिकटलेलं होतं. वाव फाइलीत अशा पट्टीची सोय यथातथाच, आणि त्याच्या प्रोग्रॅमने तर तेवढेही कष्ट घेतले नव्हते. रविवारला चार दिवस उरले होते. त्याने गुरुवार ते शनिवार रजा टाकली, कारण 'घरगुती अडचण' असं लिहिलं, आणि एकेक गाणं ऐकायला बसला. सतरा गाण्यांनंतर त्याच्या लक्षात आलं की नृत्याची गाणी पहिली दोन मिनिटं एकसारखीच वाजतात. ही गोष्ट घरातल्या इतरांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होती.

अठरावं गाणं लावलं तेव्हा लाकडी पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला, "हे ते शिंकणाऱ्या बाईचं."

पलीकडे सासूबाई राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखणं हा त्यांचा धंदाच होता. नऊ वर्षं जावयाचा सराव पार्टिशनमधून ऐकताना त्या त्याच्या गाण्यांना नावं ठेवत आल्या होत्या. आता तेच काम रीतसर करायची वेळ आली होती.

"कोण शिंकतं, आई?" त्याने विचारलं.

"थांबा जरा. शिंकेल."

मिनिटाभराने खरंच एक गायिका शिंकल्यासारखी किंचाळली आणि त्याला गाणं आठवलं. त्याने पुढचं लावलं.

"पत्रे उतरवतायत ते. याच्या शेवटी सगळं थांबतं आणि तुम्हाला वाटतं संपलं, पण संपत नाही."

"आणि हे?"

"कुकर. पण उदास."

तो उठून त्यांच्या खोलीत गेला. लॅपटॉप त्यांच्या पलंगावर ठेवला आणि स्वतः स्टुलावर बसला. "आई, एक विनंती होती," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द नऊ वर्षांत पहिल्यांदा निघाला असावा.

"किती आहेत?"

"नऊ हजार चारशे."

सासूबाईंनी चष्मा पुसला, विणकाम बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "लावा. वीस सेकंदांच्या वर लावू नका."

तीन दिवसांत सहाशे गाणी झाली. 'लिफ्टमध्ये अडकलेला'. 'ड्रिल, शेजारचं'. 'दार उघड म्हणते ती'. 'हा बरा मुलगा आहे'. काहींना त्यांनी नावच दिलं नाही. "हे याच्या आधीचंच आहे," म्हणाल्या, आणि तपासलं तर एकच गाणं पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरवलेलं निघालं. कानसेनाने त्या पाचांपैकी तिसरं सर्वांत खणखणीत असल्याचं पूर्वी पाहुण्यांना पटवून दिलं होतं.

शनिवारी बायकोने दारातून डोकावून पाहिलं. नवरा आणि आई डोक्याला डोकं लावून बसले होते. 'सांगितलं होतं ना' हे तिच्या चेहऱ्यावर छापलेलं होतं.

रविवारी त्याने 'पत्रे'ने सुरुवात केली आणि 'लिफ्ट'मधून 'शिंके'वर आला. गायकांची नावं माहीत असताना तो नावावरून गाणी निवडायचा. आता नाव वाचताच गाणं काय करतं तेच समोर यायचं, त्यामुळे एकाला एक जोडणं सोपं गेलं. गोल फिरणारी माणसं नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरत राहिली. सात वाजता मॅनेजर केबिनपाशी आला.

"डीजे, आज काहीतरी वेगळं वाटलं."

कानसेनाची छाती फुगली. "वाव फाइली आहेत," तो म्हणाला.

"असतील," मॅनेजर म्हणाला. "आज तू मध्ये मध्ये माइकवर बोलला नाहीस. बरं वाटलं."

त्याला बोलायला सवड कुठली, यादीत गाणी शोधण्यात तीन तास गेले होते. घरी येऊन त्याने जुन्या सीडींचं खोकं काढलं आणि जी गाणी मूळ सीडीवर होती ती पुन्हा उतरवून घेतली, या वेळी फ्लॅकमध्ये. त्यात काही गाळलं जात नाही, जागा वावपेक्षा कमी लागते, आणि नावाची पट्टीही नीट राहते. बायकोने प्रत्येक फाइलीची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि ती डिस्क आपल्या कपाटात कुलपात ठेवली. किल्ली कुठे असते ते नवऱ्याला सांगितलेलं नाही. बाकीच्या फुगवलेल्या वाव त्याने पुन्हा साध्या एमपीथ्री केल्या. दोनदा बदलून त्या आणखी थोड्या झिजल्या असणार, पण हे कुणाला ऐकू येत नाही आणि गरुडाला त्याने विचारलं नाही.

नावं द्यायचं काम अजून चालू आहे. रोज संध्याकाळी पाऊण तास. सासूबाई हल्ली शिस्तीत घेतात: ज्याला नाव सुचत नाही ते गाणं त्या पुसून टाकायला लावतात, आणि कानसेन कुरकुरत पुसतो. नऊ हजार चारशेपैकी आतापर्यंत पाच हजार ऐकून झाली, त्यातली बाराशे पुसायची वाचली. रविवारी तो त्यातली चाळीस वाजवतो.