जामच्या फाट्यावर एका जपानी विंगरचे चाहते शोधताना

"जपानच्या पोट्ट्यासाठी जामले जाऊन राह्यले! तो ओळखते का तुम्हाले?" बायकोचा हा प्रश्न पाठीवर घेऊन मी देवळीहून सातची एसटी धरली. तो मला ओळखत नाही, कबूल. पण आपला जिल्हा त्याला ओळखतो, याची मला खात्री होती.

साल २००७. तो फुटबॉलमधला एकोणीस वर्षांचा डावखुरा विंगर. जपानी वेबसाइटांवर त्याचे हजारो चाहते; मराठीत त्याच्यावर एकच पान, माझं. दहावीपुढे कॉलेज पाहिलं नाही, पण पान बनवायला पुस्तकावरून शिकलो, जपानी लिपीसुद्धा. भेटींचा आकडा दोन वर्षांत पाच अंकी झाला. भेटी कुठून येतात ते दाखवणारा नकाशा लावला, तर ठिपका नेमका वर्ध्यावर! मग पानावर वाचकांची भेट जाहीरच केली: रविवारी अकरा वाजता, चहूकडच्या गाड्या थांबतात तो जामचा फाटा.

जायचं असेल तर वर्ध्याहून आधी हिंगणघाट गाठा, तिथून जामला गाड्या भरपूर. जाता-येता सत्तरेक रुपये. फाट्यावरच्या टपरीत तर्री-पोहे खा. तर्री वेगळी मागा, नाहीतर पोह्यांचा गाळ होतो.

निळ्या पुठ्ठ्यावर खेळाडूचं नाव लिहून उभा राहिलो. हैदराबादचे ट्रक गेले, चंद्रपूरच्या बसगाड्या गेल्या.

"कोण येऊन राह्यलं भाऊ? सोयरीक हाय काय?" टपरीवाल्याने विचारलं.

"वाचक येणार आहेत."

"मंग सावलीत बसा. वाचणारे लोक उशिरा उठते."

दोन वाजेपर्यंत बसलो. एकही आला नाही.

परतताना वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेला उतरलो. तिथल्या गजूच्या सायबर कॅफेतच मी सगळं टाइप करतो. गजूला हकीकत सांगितली.

"असं कसं काका? मी तर आठही मशिनीवर तुमचंच पान लावून ठेवलं. इंटरनेट उघडलं का पहिले तुमचा जपानी!"

"कधीपासून?"

"सुरुवातीपासूनच. तुम्ही एवढी मेहनत करता जी."

तेवढ्यात एक मुलगी मशीनवर बसली. माझं पान उघडू लागलं. फोटो अर्धा उतरला, कपाळ आणि डोळे; तोवर ती निकालाच्या पानावर गेलीही होती. तळाचा आकडा एकाने वाढला.

गजूवर रागवावं असं त्याने काय केलं होतं? म्हटलं, "काढून टाक ते."

"काऊन काका? आकडा पडन ना तुमचा!"

"पडू दे."

घरी बायकोने ताट वाढलं. जामचं तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी माझ्या विंगरने गोल केला. एकाहत्तरावं मिनिट, डाव्या पायाने, उजव्या बगलेतून आलेल्या पासवर. वृत्तान्त नेहमीसारखाच लिहिला, दोनदा तपासला, पानावर चढवला. तीन आठवडे झाले. त्या वृत्तान्तात मी खेळाडूचं वय मुद्दाम एक वर्षाने चुकवलंय. अजून कोणी सांगितलेलं नाही.