ईश्वरप्पाचा मंगळवारचा वाद

युसूफ वडगावचा ईश्वरप्पा आयुष्यात कुणाशी मोठ्यानं बोलला नव्हता. एकसष्ट वर्षांचा लिंगायत वाणी, गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान. गिऱ्हाईक म्हणालं, "अप्पा, शेंगदाण्यात खडे हाईत," की अप्पा म्हणायचा, "असतील," आणि दुसरे शेंगदाणे द्यायचा. बायको नीलाबाई म्हणायची, या माणसाशी भांडण्यापेक्षा भिंतीशी भांडलेलं बरं, भिंत निदान पोपडे तरी टाकते.

असा हा माणूस साठीला टेकला आणि साऱ्या जगाशी भांडायला लागला. तेही नेमानं. दर मंगळवारी, दुपारी तीन ते चार.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी पुतण्या वीरेशचा परीक्षेचा निकाल बघायला म्हणून तो अंबाजोगाईच्या नेट कॅफेत गेलता. प्रणिता नावाची बी.एस्सी. झालेली बाई ते कॅफे चालवायची. निकालाचं पान काही केल्या उघडेना, म्हणून वीरेशनं काकाला नुसतं दाखवायला एक मराठी चर्चागट उघडला. तिथं कुणीतरी लिहिलं होतं: देव मानणाऱ्या माणसानं विज्ञानाच्या नादी लागू नये. अप्पानं ते तीनदा वाचलं.

"याला कुणीच उत्तर दिलं न्हाई?" त्यानं विचारलं.

"तुमी द्या की," वीरेश म्हणाला. पोरगं आपलं गमतीनं बोललं. अप्पानं चाळीस मिनिटं लावून एक ओळ लिहिली: 'मी देव मानतो आणि वजनकाटाही मानतो, मला अडचण आली नाही.' पुढच्या मंगळवारी माल आणायला गेला तेव्हा त्या ओळीखाली अठरा उत्तरं आलती आणि त्यातली अकरा शिव्यांची होती. अप्पाला इतका आनंद लग्नात झाला नव्हता.

मग काय विचारता! क्लोन केलेली मेंढी, इराकची लढाई, मोबाइलनं मेंदू तापतो का, पत्रिका कॉम्प्युटरवर काढली तर ती खरी का खोटी, सगळ्यावर अप्पाचं मत असायचंच. लिहायचा मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. तेही दोनच बोटांनी, दर हाताचं एक. गटात पुण्याचे लोक लई. ते कसे, आधी "आपल्या मताचा आदर आहे" असं लिहायचे आणि मग सोलून काढायचे. सरळ शिवी देणारा एकच, राधाकिशन. हा मूळचा गेवराईकडचा, चकलांब्याचा, आणि आता जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. देव मानत नाही, मुहूर्त मानत नाही, काही म्हणता काही मानत नाही. "अप्पा, तुमी लई भोळसट हाव," असं तो साऱ्या गटासमोर लिहायचा. अप्पा लिहायचा, "राधाकिशन, तू जर्मनीत जाऊन बी चकलांब्याचाच राहिला बे." जेवणाच्या सुट्टीत हा गडी कारखान्याशेजारच्या घरी यायचा आणि ताटाला हात न लावता अप्पाशी भांडायचा. तिथं तेव्हा दुपार व्हायला आलेली असायची.

आता अप्पाची एक चूक सांगून टाकतो, पुढं ती आडवी येणार आहे. वादात माणूस कधीकधी शहाणा दिसायला जातो. लिंगायताच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. बाळाच्या पाळण्यातच बांधतात. रोज तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. ते हरवलं तर सापडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. राधाकिशननं एकदा टोचून विचारलं, "हरवलं तर उपाशी मरणार का?" सारे पुणेकर बघतायत म्हटल्यावर अप्पानं ऐटीत ठोकून दिलं: 'ते प्रतीक आहे. हरवलं तर जेवून घेईन आणि दुसरं घेईन. आम्ही अंधश्रद्ध नाही.' पुण्याच्या चौघांनी त्याचं कौतुक केलं. घरी येताना एस.टी.त अप्पाला ते कौतुक काही गोड लागलं नाही.

२००३ सालचा श्रावण, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा मंगळवार. मंगळ ग्रह पृथ्वीच्या जवळ आलाय म्हणून गटात धिंगाणा चाललेला. प्रणितानं कॅफेत नवा कॅमेरा लावला होता. दोघांनी गटाबाहेर आपली वेगळी खिडकी उघडली आणि राधाकिशन पहिल्यांदाच पडद्यावर दिसला. टक्कल पडलेला, स्वेटर घातलेला, अगदी आपल्या तहसील कचेरीतल्या कारकुनासारखा. मग मंगळाच्या मातीवरून गोष्ट दगडावर आली.

"तुमच्या गळ्यात तरी काय हाय? दगडच," राधाकिशननं लिहिलं. "दाखवा एकदा, कंच्या जातीचा हाय ते सांगतो."

इष्टलिंग परक्याला दाखवायचं नसतं. अप्पाला हे पाळण्यापासून ठाऊक. पण वाद चढला होता. त्यानं डबी उघडली, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. राधाकिशन पुढं वाकून बघत राहिला आणि त्यानं लिहिलं, "काळा हाय, गुळगुळीत हाय, दगड हाय." याला सणसणीत उत्तर द्यायला पाहिजे. पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं म्हणजे 'ए' सारखा लागतो, आणि तो 'ए' डाव्या हाताकडं. अप्पानं धुतलेला रुमाल टेबलावर घडी घालून ठेवला, त्यावर इष्टलिंग ठेवलं आणि दोन्ही बोटांनी लिहायला घेतलं.

तेवढ्यात लाइट गेली. बॅटरीचं यूपीएस पीं पीं ओरडायला लागलं. प्रणिताचा नियम असा, की यूपीएस ओरडलं की सगळ्यांनी उठायचं. बाहेर चारची एस.टी. उभी. अप्पा उठला, रिकामी डबी मिटवून सदऱ्यात टाकली, पिशव्या उचलल्या आणि पळाला. वडगाव येईपर्यंत तो मनातल्या मनात ते उत्तर जुळवत होता. उत्तर मात्र फक्कड जमलं होतं.

संध्याकाळी हातपाय धुऊन तो पूजेला बसला. डबी उघडली. अप्पाला टेबलावरचा रुमाल आठवला. मग उठून बाहेर आला आणि म्हणाला, "पोटात बरं न्हाई, मला जेवायला नगं."

नीलाबाईनं वर बघितलं. "कपाळाला भस्म कावून न्हाई?"

साऱ्या जगाला पुरावा मागणारा हा गडी, त्याला एक खोटं नीट रेटता येईना. त्यानं रिकामी डबी तिच्यापुढं धरली.

"अगं बाई! कुठं काढलंत?"

"अंबाजोगाईत. जर्मनीला दाखवायला काढलं."

जर्मनीनं ते कशाला मागितलं, हे विचारायचं नीलाबाईला सुचलं नाही. तिनं भाकरीचा तवा उतरवला, चूल विझवली आणि शेजारी येऊन बसली. "मग मला बी नगं."

"तुझं तर तुझ्या गळ्यात हाय. तू जेव."

"गप बसा," ती म्हणाली.

अप्पाला साखरेच्या आजाराची गोळी चालू होती आणि डॉक्टरनं बजावलं होतं, की उपाशी पोटी एक वेळ काढायची नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून सकाळी नीलाबाईनं विषय काढला. "मठात जाऊ. स्वामी दुसरं देतील. शास्त्रात सोय हाय."

"हरवलं असतं तर घेतलं असतं. हे हरवलं कुठं हाय? रुमालावर हाय. आता कुठं हाय ते ठाऊक असताना दुसरं घेतलं, तर त्याला टाकून दिल्यागत न्हाई का झालं?" वादाची सवय ती. नीलाबाईला त्याचा भयंकर राग आला. "बापानं बांधलेलं हाय गं ते," अप्पा हळू बोलला, आणि मग तिनं राग सोडला.

पोळ्याचा दिवस. गावात बैल रंगलेले, घराघरात पुरण शिजत होतं. नीलाबाई कोरड्या तोंडानं दुकानात बसून वेसणी, गोंडे आणि गूळ विकत होती. अप्पा पहिल्या एस.टी.नं अंबाजोगाईला गेला. कॅफेला कुलूप. शेजारचा शिंपी म्हणाला, प्रणिताबाई सणाला माहेरी गेल्यात, उद्या दहाला येतील. अप्पानं शटरच्या फटीला डोळा लावला. आत अंधार होता.

मग तो स्टँडजवळच्या दुसऱ्या कॅफेत गेला. राधाकिशनचे सहा निरोप पडले होते. पहिला कालचा, दुपारी चारचा: 'अप्पा, थांबा, दगड राहिला.' दुसरा: 'अप्पा अप्पा अप्पा.' यूपीएस बंद पडेपर्यंत तीन मिनिटं तो जर्मनीतून रिकामी खुर्ची आणि रुमाल बघत बसला होता. पुढच्या निरोपांत तो गटातल्या लोकांना वडगावचा फोन नंबर मागत होता. सहावा आज पहाटेचा: 'तुमचं इष्टलिंग रुमालावर हाय, डाव्या अंगाला. कुणी हात लावला न्हाई. मी बघितलं.'

अप्पानं उत्तर लिहायला घेतलं तोच पलीकडून अक्षरं उमटली. गडी बसलेलाच होता.

"जेवले का?"

अप्पाला तोच वाद, तेच पुणेकर, तेच 'जेवून घेईन' आठवलं. "जेवलो," त्यानं लिहिलं. "पुरणपोळी खाल्ली. प्रतीक हाय ते. कॅफे उद्या दहाला उघडंल."

पलीकडून उत्तर आलं: "बरं झालं. मी बी जेवलो."

विचारलं कुणी होतं याला? पण अप्पाच्या डोक्यात तेव्हा ते शिरलं नाही. परतीच्या एस.टी.त त्याला दोनदा अंधारी आली. कंडक्टर म्हणाला, "अप्पा, पुरण जास्त झालं वाटतं." अप्पा म्हणाला, "असंल."

गुरुवारी नीलाबाईनं त्याला एकट्याला सोडलं नाही. दुकान बंद ठेवून दोघं अंबाजोगाईला आले आणि कॅफेच्या पायरीवर बसले. दहाला पाच कमी असताना प्रणिता रिक्षातून उतरली. दोघांची तोंडं बघून तिनं काही न विचारता शटर वर केलं.

रुमाल होता. त्यावर इष्टलिंग होतं. वर धुळीचा कण नव्हता. नीलाबाई खुर्चीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. गेले दोन दिवस जे रडायचं राहिलं होतं ते सगळं तिनं तिथंच उरकलं. अप्पानं प्रणिताला तांब्याभर पाणी मागितलं, कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि तिथंच, कॉम्प्युटरच्या ओळीत, मांडी घालून पूजा केली. नीलाबाईनं पदराखालून भस्माची पुडी काढली. मग दोघांनी त्या तांब्यातलं पाणी प्यायलं. अप्पानं तर त्रेचाळीस तासांनी.

अप्पानं कॅमेरा सरळ केला. जर्मनीत सकाळचे साडेसहा वाजून गेलेले. राधाकिशन बनियनवर बसला होता, दाढी वाढलेली.

"सापडलं," अप्पानं लिहिलं. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं, "काल मी खोटं बोललो. जेवलो नव्हतो. मागं गटात लिहिलं ते बी खोटं. मला जमत न्हाई."

राधाकिशननं ते वाचलेलं दिसलं. त्यानं डोळे पुसले की चष्मा, ते कॅमेऱ्यात नीट कळलं नाही. तो उठून गेला. परत आला तो अख्खा पाव घेऊन, आणि उभ्याउभ्या, न कापता, दोन्ही हातांनी तोडून खायला लागला. ताट नाही, लोणी नाही. खाता खाता त्याला ठसका लागला.

नीलाबाईनं पदर बाजूला केला. "ह्यो मंगळवारपासून जेवला न्हाई," ती म्हणाली. पुरावा तिनं मागितला नाही.

"राधाकिशन," अप्पानं लिहिलं, "तू बी?"

"भूक लागलीय. हितं थंडी लई हाय. थंडीत भूक लागती."

"ऑगस्टात?"

"मीच दाखवा म्हणलो होतो, अप्पा," राधाकिशननं लिहिलं. "घास उतरंना. गटात सांगू नका."

"न्हाई सांगत," अप्पानं लिहिलं.

पुढच्या मंगळवारी राधाकिशननं गटात लांबलचक लेख टाकला: दगडाची पूजा आणि मराठी माणसाचं मागासलेपण. अप्पानं तीन भागांत उत्तर दिलं आणि त्याच्या सात पिढ्यांचं अज्ञान काढलं. त्यानं अप्पाला भोळसट म्हटलं. अप्पानं त्याला चकलांब्याचा म्हटलं. पुण्याचे लोक हैराण झाले. शेवटी गटाच्या चालकानं दोघांना जाहीर ताकीद दिली: सभासदांनी वाद जरूर घालावेत, पण एकमेकांविषयी थोडी तरी आपुलकी बाळगावी.

अप्पानं ताकीद नीट वाचली. मग ती खिडकी बाजूला सारली, दोघांचीच दुसरी उघडली आणि डाव्या बोटानं 'ए' शोधत लिहिलं, "राधाकिशन, जेवलास का?"