बडे बाबूंचा कडुलिंब

"पहले काग़ज़ पर उगाइए, डॉक्टर साहिबा," कानामागचं पेन काढत आमचे बडे बाबू म्हणायचे, "ज़मीन पर तो बकरी खा जाती है।"

बडे बाबू म्हणजे गोमती नगरमधल्या आमच्या वॉर्ड ऑफिसातले हेडक्लार्क. मी वनस्पतिशास्त्रज्ञ, नोकरीपायी महाराष्ट्रातून लखनौला आलेली. पृथ्वी तापते आहे हे समजावून सांगायला मला एकदा वॉर्डाच्या बैठकीत बोलावलं. झाडं राखा, सावली वाढवा, असं सांगत मी तासभर घसा कोरडा केला. चर्चा रंगली आणि ठराव एकमताने पास झाला: सभागृहात दोन नवे कूलर बसवावेत. सूचक म्हणून बाबूंनी माझंच नाव घातलं!

मी तणतणत त्यांच्या टेबलापाशी गेले.

"नाराज़ न हों," ते म्हणाले. "गर्मी है, इतना तो मान लिया न? आधा काम हो गया।"

उरलेलं अर्धं काम चौकात उभं होतं. दोन माणसांच्या कवेत न मावणारा कडुलिंब. मे महिन्यात लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, वाहायला लागली की इस्त्रीवाला, भाजीवाली, रिक्षावाले, सगळे त्याच्याच आसऱ्याला. रस्ता रुंद करायच्या नकाशात नेमका तोच आडवा आला. मी तीन अर्ज दिले. बाबूंनी तिन्हींवर शिक्का मारला आणि ते फायलीत ठेवले. मला त्यांचा भयंकर राग आला.

दर जुलैत आमच्याकडे वृक्षारोपण व्हायचं, तेही दरवर्षी त्याच खड्ड्यात. आदल्या वर्षीचं रोप वाळलेलं असायचं, त्यामुळे खड्डा तयार मिळायचा. त्या वर्षी मात्र बाबूंनी नवा खड्डा खणवला, थेट कडुलिंबाच्या बुंध्याशी. वॉर्डाच्या नगरसेवकांनी, म्हणजे सगळ्यांच्या 'माननीयां'नी, त्यात कडुलिंबाचं वीतभर रोप लावलं, फोटो निघाला, लोखंडी पाटी रोवली गेली: 'यह नीम माननीय जी के कर-कमलों द्वारा रोपित।' रोप महिनाभरात बकरीने खाल्लं. पाटी राहिली.

थंडीत कुऱ्हाडी घेऊन माणसं आली. मुकादमाने पाटी वाचली, वर झाडाकडे पाहिलं आणि सगळ्यांना परत नेलं. दोन दिवसांनी माननीय स्वतः हजर. मान वर करून ते बराच वेळ झाड बघत राहिले. बाबूंची नोकरी गेलीच, असं मी धरून चालले.

"काफ़ी जल्दी बढ़ गया," माननीय म्हणाले.

"मिट्टी अच्छी है, हुज़ूर। और आपके हाथ का असर।" बाबूंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

रस्ता कडुलिंबाला वळसा घालून गेला.

"हे चक्क खोटं आहे, बाबूजी," मी हिंदीत सुनावलं.

"आपकी तीनों दरख़्वास्तें सच्ची थीं। फ़ाइल में आराम से सो रही हैं।"

पुढे बाबू निवृत्त झाले आणि वर्षभरातच गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक तरुण इंजिनिअर रस्त्याचा जुना नकाशा घेऊन माझ्या दारात आला. पोरगा हुशार होता, त्याला शंका आली होती.

"मैडम, आप तो साइंटिस्ट हैं। ये पेड़ सचमुच माननीय जी का लगाया हुआ है? उम्र कितनी होगी?"

खिडकीतून कडुलिंब दिसत होता. खाली भाजीवाली पालकावर पाणी शिंपडत होती.

"चार साल," मी म्हणाले. "ज़्यादा से ज़्यादा पाँच।"

त्याने ते लिहून घेतलं. खाली मी सही केली, हुद्द्यासकट. त्या क्षणी बडे बाबू शेजारी असायला हवे होते, असं फार फार वाटलं.