ग्लेनिसबाईंच्या घरातला बाप्या

नॉर्मन टॅटरसॉल ब्रॅकनशॉ नगरपरिषदेत सवलतचोर पकडायचं काम करायचा. एकट्याने राहणाऱ्याला घरपट्टीत पाव हिस्सा सूट मिळते, आणि सूट मिळाली की घरातलं दुसरं माणूस लपवायची बुद्धी होते, असं त्याचं ठाम मत. परक्यांच्या न्हाणीघरातले टूथब्रश मोजण्यात त्याची हयात गेली. स्वतःच्या घरी एकच ब्रश, त्यामुळे त्याच्यावर कुणी संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. बिचाऱ्याला त्याचाही अभिमान होता.

एक दिवस निनावी फोन आला. अल्बियन स्ट्रीटवरच्या ग्लेनिस हार्डकासल एकटी विधवा म्हणून सूट घेतात, पण दर सोमवारी दोरीवर पुरुषाच्या चड्ड्या वाळतात!

नॉर्मनने आपली निळी गाडी त्यांच्या दारासमोर लावली आणि वर्तमानपत्राआड तोंड घालून पाळतीवर बसला. असा माणूस लपून राहिला तर ती गल्ली कसली? दुसऱ्याच दिवशी ग्लेनिसबाईंनी काचेवर टकटक केलं.

"परिषदेचे ना तुम्ही?"

"मी... एकाची वाट बघतोय."

"वाट मीही बघते, पण घरात बसून. या आत, चहा टाकलाय. आणि संडास जिन्याच्या वर आहे. कालपासूनची तुमची चुळबुळ बघवत नाही मला."

चड्ड्यांचा उलगडा पहिल्या कपातच झाला. "आमच्या हॅरल्डच्या," बाई म्हणाल्या. "तो गेला. पण घरात बाप्या आहे असं चोरांना वाटावं म्हणून धुऊन वाळत घालते. चोर आले नाहीत, परिषद आली."

प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण गुरुवारी ग्लेनिसबाई मटण-बटाट्याचं हॉटपॉट करायच्या, आणि नॉर्मनने कार्यालयात सांगितलं, "अजून पाळत ठेवावी लागेल." कार्यालयात कधीच खोटं न बोललेल्या माणसाचं हे पहिलं खोटं.

हिवाळाभर पाळत चालली. पोस्टमन ग्लेनिसबाईंची पार्सलं गाडीतच देऊ लागला. चिखलाच्या बुटांनी गालिचा खराब होतो म्हणून बाईंनी नॉर्मनसाठी बाजारातून सपाता आणल्या. त्याने परसातल्या खोपटाचं दार बसवून दिलं. आणि मग कार्यालयात फोनवर फोन. निळ्या गाडीवाला एक बाप्या हार्डकासलबाईंकडे राहतो, सपाता घालून कचऱ्याचा डबा बाहेर काढतो, काय म्हणावं या वयाला!

चौकशी गेली बेव्हर्ली क्लेगकडे. तिला हे काम नॉर्मननेच शिकवलेलं. तिने दोघांना बोलावून ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासमोर बसवलं. नॉर्मन त्या घरात राहतो याला 'हो' म्हटलं तर ग्लेनिसबाईंची सूट जाणार, वर दंड, आणि नॉर्मनची नोकरीही जाणार. 'नाही' म्हटलं तर प्रकरण बंद, आणि उद्यापासून अल्बियन स्ट्रीटवर गाडी लावायला काही कारण उरणार नाही. नोकरीचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. ही दुसरी गोष्ट मात्र त्याला नको होती.

"तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही," बेव्हर्लीने ताकीद सुरू केली, आणि पुढची सवयीने नॉर्मननेच म्हणून टाकली.

"सपाता कुणाच्या?"

"माझ्या."

"डबा कोण काढतं?"

"मीच."

"झोपता कुठे?"

"गाडीत. दुपारचा."

"आणि घोरतात," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "अख्ख्या गल्लीला ऐकू जातं."

"तुम्ही दोघं नवराबायकोसारखे राहता का?"

"नाही," नॉर्मन म्हणाला. खरं तेच होतं. ग्लेनिसबाईंनी पर्स मांडीवर ओढली आणि तिची कडी लावली. आता त्या उठणार, हे त्याला कळलं.

"बेव्हर्ली, परिस्थिती बदलली तर परिषदेला कळवावं लागतं ना गं?" नॉर्मनने घाईने विचारलं.

"लागतं की. तुम्हीच तर शिकवलंत."

"मग लिहून घे. बदलायची आहे. म्हणजे... ह्यांची हरकत नसेल तर."

यंत्र चालूच होतं. बेव्हर्लीला ते बंद करायचंही सुचेना.

"हे मला घरी विचारता येत नव्हतं?" ग्लेनिसबाईंनी विचारलं.

"घरी चौकशी चालू होती."

बाईंनी पर्सची कडी पुन्हा उघडली. "सूट जाईल."

"जाईल."

"हॅरल्डच्या चड्ड्या काढून ठेवाव्या लागतील."

"राहू द्या. चोर काय, अजून येतील."

ग्लेनिसबाईंनी नाक पुसलं आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. "काढ गं पोरी माझा कागद," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर 'एकटी' लिहिलंय ना, तेवढं खोड."