धुतलेली भांडी घासणारी पोर

गुरुजींच्या घराच्या पायरीखाली माझी आई उभी होती. तिच्या मागं मी. दहा वर्षांची. अंगणात हळद वाळत घातलेली, पाच-सहा बायका ती निवडत बसलेल्या. गुरुजींची बायको दारात आली, पायरी उतरली नाही. आई खालच्या आवाजात सांगायला लागली. बाईनं तिला पुरतं बोलूही दिलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"तुमच्या हातचं पाणी आमी घेत न्हाई, आन् ह्यांनी तुझ्या पोरीला हात लावला म्हणतीस?"

बायका हसल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. बाकीच्या उघड्या तोंडानं.

गुरुजी घरातच होते. आतून त्यांचा खोकला ऐकू आला. ते बाहेर आले नाहीत. त्यांना यायची गरजच नव्हती.

सांगलीजवळ कृष्णाकाठी आमचं गाव. आजोबांच्या वेळेपासून आम्ही बौद्ध. गावाच्या लेखी मात्र आम्ही जुनेच. गुरुजी रिटायर झालेले, स्कॉलरशिपच्या परीक्षेची शिकवणी घ्यायचे. "पोरगी हुशार हाय, पाठवा," असा त्यांनी बापाला निरोप धाडला. बाप चार दिवस छाती काढून फिरला. बाकीची पोरं सुटली की गुरुजी मला थांबवून घ्यायचे. त्यापुढचं मी इथं लिहिणार नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

परत येताना आई वाटेत थांबली. माझ्या पाठीत धपाटा घातला. मग मलाच कवटाळून रडली. "कुणाला सांगू नगंस. तुझा बाप मरंल."

नाही सांगितलं. पंचवीस वर्षं. नवऱ्यालाही नाही. पण ओल्या हळदीचा वास आला की अजून मी वाट बदलते. मागून कुणी दार लावलं की मी उठून उभी राहते. मुलगा विचारतो, "आई, काय झालं?" मी म्हणते, काही नाही.

लग्न होऊन मी शिरवळकडं आले. नवरा कंपनीत. मी गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायचे. सगळे खिचडीवाली म्हणायचे.

तिसरीत एक पोर होती. नाव सांगणार नाही. कायदा सांगू देत नाही, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. आई-बाप लांबून पोटासाठी आलेले, दोघंही कंपनीत पाळीला जायचे. गावात भाड्याच्या खोलीत राहायचे. शाळा सुटली की ही पोर माझ्या स्वयंपाकखोलीत यायची.

"काकी, भांडी घासू?"

"घासून झाली की गं बाळा."

ती पुन्हा घासायची. लख्ख पातेली घेऊन खसाखसा घासत बसायची. घरी जायचं नाव नाही. पहिल्या दिवशी मला कौतुक वाटलं. चौथ्या दिवशी मला माझं आठवलं. शिकवणीला जायला नको म्हणून मीही अशीच कामं शोधायचे. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचे.

एक पातेलं ओढून मी तिच्याजवळ बसले. म्हणाले, "मला बी लहानपणी एका घरी जायाचं लय भ्या वाटायचं."

पातेलं घासून झालं. दुसरं झालं. मग ती खाली बघून म्हणाली, "मालकआजोबा दार लावत्यात."

एवढंच. मला पुढचं विचारायची गरज नव्हती.

"तुझी काय बी चूक न्हाई," मी म्हणाले. हे वाक्य मला कुणी कधी बोललं नव्हतं.

मालक म्हणजे तिच्या खोलीचा मालक. शाळेच्या समितीवरचा माणूस. वर्गातल्या पंख्यांवर त्याच्या बापाचं नाव. मी हेडमास्तरांकडं गेले. त्यांनी खुर्चीतून मानही वर केली नाही.

"बाई, तुमचं काम काय? खिचडी. खिचडी शिजवा. मोठ्या माणसांची नावं घ्याल, तर उद्यापासून येऊ नका."

मी बाहेर आले. घरी जाणार होते. खरं सांगते, जाणारच होते. तेवढ्यात तिसरीच्या मॅडम मागून आल्या. वाईच्या, मोठ्या घरच्या, नव्यानंच लागलेल्या. त्यांनी दारातून ऐकलं होतं.

"हे कळूनही पोलिसांना सांगितलं नाही, तर तोही गुन्हाच होतो. मी येते तुमच्याबरोबर."

"मॅडम, तुमची नोकरी?"

"बघू."

आधी आम्ही पोरीच्या आईकडं गेलो. तिनं सगळं ऐकलं, खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाली, "खोली सोडावी लागंल. जायाचं कुठं?" घरोघर औषधं वाटणाऱ्या गावच्या आशाताईंनी स्वतःच्या घरातली खोली दिली. त्याच दिवशी तिघं तिथं गेली आणि आम्ही ठाण्यात जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी महिला फौजदार आल्या. साध्या ड्रेसवर. सतरंजीवर बसून त्यांनी पोरीचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. मालकाला धरलं.

तिसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात गाव बसलं. मला बोलावणं आलं. नवरा आणि मुलगा बरोबर आले. एक म्हातारा म्हणाला, "गावाची अब्रू गेली. केस मागं घ्या, आपसात मिटवू." मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांच्या लोकांना केसा करायची सवयच हाय."

आणि हसले. तेच हसू. मी पंचवीस वर्षं झोपेत ऐकत आलेलं.

मी उठले. "मी दा वर्साची व्हते," म्हणाले आणि सगळं सांगितलं. गुरुजींचं नाव घेऊन सांगितलं. "तवा बी लोक हसली व्हती. आता कोण हसलं, त्यानं उभं ऱ्हावं. मला तोंड बघायचंय."

कुणी उठलं नाही. नवऱ्यानं मान खाली घातली. मुलगा माझ्याकडं बघत राहिला.

मग बायकांतून माजी सरपंचाची आई उठली. सत्तरी उलटलेली, मोठ्या घरातली. "माझ्या लेकीनं बी सांगितलं व्हतं. तिच्या चुलत्याचं. मी तिलाच मारलं. ती आता म्हायेरला येत न्हाई."

त्यानंतर मिटवायचं कुणी बोललं नाही.

पुढच्या जूनमध्ये मला कामावरून काढलं. मॅडमविरुद्ध तक्रारीचे अर्ज गेले. पोर आई-बापांबरोबर दुसऱ्या गावी गेली. तिची आई फोन करते. पोर अजून दार उघडं ठेवून झोपते. माझी आई सांगलीहून फोनवर म्हणाली, "कशाला बोललीस? समद्यांना कळलं." मी म्हणाले, "आये, कळायलाच पायजे व्हतं." गुरुजी कधीच गेले. गावच्या वाचनालयात त्यांचा फोटो आहे. त्याचं मला आता काही करता येत नाही. रात्री तेच सलतं.

आता मी, मॅडम, आशाताई, ती म्हातारी आणि पोरांना शाळेत सोडणारा रिक्षावाला, आम्ही घरोघर जातो. बुद्धवाड्यात, पाटलांच्या आळीत, कंपनीवाल्यांच्या खोल्यांत. पोरांना सांगतो, नको वाटलं तर ओरडा, आणि आम्हाला सांगा. आई-बापांना सांगतो, पोर बोललं तर आधी ऐका, मारू नका. पहिल्यांदा तीनच घरांनी आत घेतलं. बाप तर ऐकायला यायचेच नाहीत. आता काही येतात. परवा एका घरी हेडमास्तर येऊन मागं बसले. मी सांगत राहिले.

मालक जामिनावर सुटलाय. पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. त्याचा वकील मला खोटी ठरवील, जातीवर येईल. येऊ दे. मी ऐकलं ते शब्दाला शब्द सांगणार. आणि उद्या कुठल्याही पोरानं माझ्यापुढं तोंड उघडलं, तर नाव कुणाचंही निघो, माझ्या भावाचं, नवऱ्याचं, माझ्या पोटच्या मुलाचं, मी त्या पोराचा हात धरून ठाण्यात जाणार. आधी जाणार. रडायचं ते नंतर.